शेवटच्या माणसाचं डिजिटल

माणसाचा आवाज ज्या दिवशी शेवटच्या माणसापर्यंत पोचेल, त्या दिवशी मानवी संस्कृती पूर्णत्वाला जाईल.

हे वाक्य मी जव्हारच्या एका सभागृहात, व्यासपीठामागे ताणून बांधलेल्या भल्यामोठ्या फलकावर वाचलं. वाक्याशेजारी पृथ्वीचा गोल होता. गोलातून लाटा निघत होत्या आणि लाटा संपत होत्या तिथे डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई हसत होती. आमच्या डोंगरात हंडा घेतलेली बाई सहसा हसत नाही, कारण चढ असतो. फलकापुढे पहिला वक्ता उभा राहिला आणि बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिला. माइक बंद होता.

प्रसंग डिजिटल रेडिओच्या वाटपाचा. रेडिओ बनवणारी एक कंपनी आणि तिचा दानधर्म सांभाळणारी एक संस्था, अशा दोघांनी मिळून मोखाड्याच्या वरच्या पाड्यांवर हे संच द्यायचं ठरवलं होतं. मला 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. निवृत्त प्राथमिक शिक्षकाला शाल द्यायची वेळ आली की त्याचा शिक्षणतज्ज्ञ होतो. शालीबरोबर एक गुळगुळीत पुस्तिकाही मिळाली. माइक दुरुस्त होईपर्यंत मी ती वाचून काढली.

जगभर डिजिटल रेडिओची बाजारपेठ कशी वाढते आहे, ते तिच्यात सांगितलं होतं. आकडे विसरलो. आलेख वर जात होता, एवढं आठवतं. युरोपात एक पद्धत आहे, अमेरिकेत दुसरी, जपानात तिसरी, आणि आपण आणखी चौथीच घेतलेली. एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीचं प्रक्षेपण ऐकू शकत नाही. सगळ्या जगाचा आवाज जोडायला निघालेल्यांनी एकमेकांचं ऐकायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. श्रीमंत देशांत हे संच मुख्यतः नव्या मोटारींत बसतात. पण बाजार आणखी वाढायचा तर मोटार नसलेली माणसंही लागतात. त्यांना पुस्तिकेत 'अस्पर्शित बाजारपेठ' असं नाव दिलं होतं. अस्पर्शित हा शब्द आपल्या देशात जरा जपून वापरावा, हे भाषांतर करणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. मधल्या पानावर जगाचा नकाशा होता. त्यात आमचा तालुका साधारण कुठे येईल ते मी शोधलं. तिथे पुस्तिकेची पिन मारलेली होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हाक आली, "ओ गुरुजी."

सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर मी बरीच वर्षं शाळेत होतो. शाळेला लागून जिचं घर, ती ही बाई. माझ्या भाकरीची काळजी तिने माझ्या खात्यापेक्षा जास्त केली. मी तिला बाय म्हणतो. मागे जाऊन तिच्या शेजारी बसलो.

"बाय, तू कशी इकडे?"

"जीप आली, बसले. डिजिटल वाटतात म्हनं." तिने हनुवटीने व्यासपीठामागचा फलक दाखवला. "केवढं हाय ओ? त्या मागच्याएवढं भेटंल का?"

आमच्या भागात फ्लेक्सच्या फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल, निवडणुकीचं डिजिटल, श्रद्धांजलीचं डिजिटल. प्रसंग संपला की ते उतरवून कोणी तरी घेऊन जातं आणि छपरावर, खळ्यावर, गोठ्यावर अंथरतं. छापलेली बाजू आत आणि पांढरी बाजू वर, म्हणजे ऊन कमी लागतं. आमच्या पाड्यांवर कित्येक पुढारी असे छपरात पालथे पडून आहेत. घरात आडवं झालेल्या माणसाने वर पाहिलं तर ते हात जोडून असतात. त्यांच्या सार्वजनिक जीवनातला हा सर्वांत उपयोगी काळ.

"बाय, डिजिटल नाही. डिजिटल रेडिओ."

"म्हंजे रेडिओचा फोटो आसलेलं."

"फोटो नाही. खरा रेडिओ."

"खरा त हाय माझ्यापाशी." तिने पिशवीतून आपला जुना संच काढला. मागचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं, एरियलच्या जागी छत्रीची काडी. "मंग ह्यो बरोबर आना आसं कशाला सांगला?" तिने त्याचा कान पिळला. संच तिथल्या तिथे वाजायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने मागे वळून पाहिलं. अख्ख्या सभागृहात त्या क्षणी तेवढाच एक आवाज चालू होता.

जुना घेऊन नवा देण्याची योजना होती. पर्यावरणासाठी, असं नंतर व्यासपीठावरून सांगितलं.

तिला खरं तर डिजिटलच हवं होतं, आपल्या अर्थाचं. भात पिकून उभं होतं. कापलं की दोन-चार दिवस शेतात पसरून वाळू द्यायचं, मग भारे बांधून खळ्यावर त्यांची उडवी, म्हणजे गंजी, रचायची. एवढ्या काळात पाऊस आला तर सगळं गेलं. भात होळीपर्यंत पुरलं तर तिचं घर होळीपर्यंत उघडं राहतं. नाही पुरलं तर दिवाळी झाली की दाराला कुलूप आणि नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर. आदल्या वर्षी पुरलं होतं. शिमग्याला ती घरी होती, आणि हे ती भेटेल त्याला अशा थाटात सांगायची, जसं काही लेकीचं लग्न पार पडलंय.

"या वर्साला बी पुरंल," ती म्हणाली. "पाऊस गप राहिला त."

माइक सुरू झाला आणि वक्त्याने शेवटच्या माणसाबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने मला कोपर मारलं.

"शेवटचा मानूस म्हंजे कोन?"

"तू."

"आन पयला?"

"तो बोलतोय तो."

"मंग मधली समदी कुठं बसलीत?"

चहाच्या वेळी मी कंपनीच्या इंजिनीयरला गाठलं. मुलगा सालस होता. माझ्या प्रश्नांचा त्याला कंटाळा आला नाही, किंवा तसं त्याने दाखवलं नाही.

"डोंगराआड सिग्नल कमी पडला तर?" मी विचारलं.

"तर संच आवाज करणार नाही, सर."

"जुना काय करतो?"

"जुना खरखर करतो. ग्राहकाला त्याचा त्रास होतो."

"आणि नव्यात?"

"नव्यात त्रास नाही."

सूर्यमाळला जाऊन कोणी संच लावून पाहिलाय का, असंही मी विचारलं. दुपारी जाणार होते, म्हणाला. दुपारी पाहुणे शिरपामाळला फोटो काढायला गेले. तिथे वारा छान असतो. सूर्यमाळचं राहून गेलं.

आता त्या खरखरीबद्दल सांगायला हवं. मीडियम वेव्हच्या जुन्या संचात, लांब कुठे वीज चमकली तरी कडकड उमटते. हे पुस्तकातही आहे आणि आमच्या पाड्यांवरही सगळ्यांना माहीत आहे. पाड्यावर त्याला 'लाह्या फुटणं' म्हणतात. संध्याकाळच्या बातम्यांत मुंबईच्या हवामानाचा अंदाज संपला की बाया संचाजवळ बसून लाह्या ऐकायच्या. लाह्या फुटायला लागल्या की दुसऱ्या दिवशी कापणी नाही. ही रीत शास्त्रशुद्ध होती असं मी म्हणत नाही. कधी रात्रभर लाह्या फुटायच्या आणि सकाळी लख्ख ऊन पडायचं. पण एक दिवस फुकट गेला तर भात आणखी एक दिवस उभं राहतं, एवढंच. उलट झालं तर वर्ष जातं. मोबाइल आहेत. पण रेंजसाठी टेकाड चढावं लागतं, आणि चढल्यावर दिसतं ते हवामान जव्हारचं असतं.

नव्या संचात लाह्या नव्हत्या. काहीच नव्हतं. सूर्यमाळचा डोंगर मध्ये, त्यामुळे प्रक्षेपण पोचत नव्हतं, आणि खरखर करणं त्याच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. समोर एक निळा दिवा मात्र छान लागायचा. पाड्यावरच्यांनी त्यातून जो अर्थ काढला, तो त्यांच्या परीने अगदी सरळ होता. दिवा लागतोय, म्हणजे रेडिओ चालू आहे. चालू असून गप्प आहे, म्हणजे लाह्या नाहीत. लाह्या नाहीत, म्हणजे आभाळात काही नाही. संध्याकाळी घरोघरी निळे दिवे लागले, सगळे संच एकजात गप्प बसले, आणि सकाळी पाड्याने विळे काढले.

भात कापून शेतात पसरलं त्याच दुपारी त्र्यंबकच्या बाजूने ढग आले. परतीचा पाऊस होता. त्या दुपारी पडला, दुसऱ्या दिवशीही पडला.

मला जव्हारला कळलं तेव्हा ऊन पडलं होतं. एसटीने खोडाळ्याला उतरलो आणि पुढे मिळेल त्या जीपने वर गेलो. पसरलेल्या भाताच्या लोंब्यांना कोंब फुटले होते. हिरवे, कोवळे, फार देखणे. शेत एवढं ताजं दिसत होतं की ज्याला माहीत नाही त्याने फोटो काढला असता. ती बांधावर बसून त्यातलं जे वाचेल ते वेगळं करत होती.

"या गुरुजी," ती म्हणाली. "तुमचा डिजिटल लय शाना. पाऊस पडत व्हता तवा बी गप."

तिचा चुलतसासरा शेजारी विडी वळत होता. तो म्हणाला, "आपल्या मेंबरसारखा हाय गं तो. लाइट हाय, आवाज नाय."

"मेंबर निदान मतं मागाया बोलतो."

दोघंही हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात आग होती, आणि ती कोणावर काढावी हे कळत नव्हतं, कारण ज्यांच्यावर काढायची ते सगळे सज्जन होते. वावर-वांगणीला मुलं कुपोषणाने दगावली त्या वर्षांपासून आमच्या डोंगरात असे सज्जन येताहेत. जेवणाच्या योजना आल्या, नाही असं नाही. पण त्यांच्या मागोमाग जगात जे जे नवं निघालं आणि ज्याला गिऱ्हाईक कमी पडलं, तेही गाडीत घालून वर आलं. धूर न करणाऱ्या चुली, उन्हावर चालणारे कंदील, पाणी शुद्ध करणारे पिंप. पिंप आले तेव्हा आधी पाणी हवं होतं. प्रत्येक वस्तूबरोबर एक फलक, प्रत्येक फलकावर शेवटचा माणूस. दरवेळी तो बिचारा जागेवर सापडतो, म्हणून तर तो सगळ्यांना सोयीचा.

वस्तू देऊन जातात त्याचा एवढा राग येत नाही. देणाऱ्याला देऊ द्यावं. पण या खेपेला चालू असलेली वस्तू काढून नेली होती.

"गुरुजी," तिने मान वर न करता विचारलं, "माझा जुना परत आनता यील?"

"आता?"

"नागली हाय उभी. वरई हाय. ती तरी लाह्या ऐकून कापीन."

जव्हारच्या बाजारात मी तसा संच शोधला. दुकानदाराने मला छोटे, लाल-पिवळे रेडिओ दाखवले, पेन ड्राइव्ह लावता येणारे. मीडियम वेव्ह म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, ते आता कोण ऐकतं?" म्हणून मी संस्थेच्या ठाण्यातल्या कार्यालयात गेलो.

काचेचं दार ढकलून आत गेलो आणि विचारायच्या आधीच मला तिचा रेडिओ दिसला. स्वागतकक्षात, काचेच्या पेटीत, वरून दिव्याचा झोत सोडलेला. सायकलच्या ट्यूबची पट्टी, छत्रीची काडी, सगळं जसंच्या तसं. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं: 'ग्रामीण रेडिओ, विसावं शतक. बंद अवस्थेत.'

बंद अवस्थेत. सभागृहात तो एकटा वाजत होता तेव्हा हे लिहिणारा कुठे होता, कोण जाणे.

मला भेटायला आलेले गृहस्थ फार अदबीचे होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची भावना समजू शकतो, सर," ते म्हणाले. "पण आता हा आमच्या वारशाचा भाग आहे."

"वारसा गेलेल्या माणसाचा असतो. ही बाई जिवंत आहे. तिची नागली कापायची आहे."

"तिला आपण दुसरा डिजिटल संच देऊ. एकाऐवजी दोन."

"दोन गप्प संच एकमेकांशी बोलतील, असं आहे का काही?"

ते हसले. अशा लोकांची ही एक मोठी अडचण आहे. त्यांना राग कळत नाही, विनोद कळतो. मग त्यांनी मला समजावलं, की डोंगरापलीकडच्या भागासाठी पुढच्या टप्प्यात लहान प्रक्षेपक बसवायचा विचार आहे, की जगभर सुरुवातीला असंच होतं, की उत्तरेकडच्या एका छोट्या देशाने तर जुनं प्रक्षेपण जवळजवळ बंदच करून टाकलं आणि कोणाचं काही अडलं नाही. मी विचारलं, तिथे भात होतं का? ते म्हणाले, कल्पना नाही.

"पेटी उघडा आणि मूळ वस्तू द्या," मी म्हणालो. "मी तुम्हाला तसंच दिसणारं खोकं आणून देतो. नाही तरी पट्टीवर बंदच लिहिलंय."

"पेटी सील आहे, सर. आणि परदेशी पाहुण्यांना अस्सल वस्तूच दाखवावी लागते."

मी उठलो. मला आवाज चढवायचा होता. आयुष्यभर वर्गात चढवलेला, तिथे चढला नाही. गालिचा फार जाड होता, सगळा आवाज तोच पिऊन टाकत होता. दाराशी जाताना कोपऱ्यात गुंडाळी करून उभी केलेली एक लांबलचक वस्तू दिसली. गुंडाळीच्या कडेला हंड्याचा काठ आणि अर्धं हसू.

"तो फलक," मी म्हणालो. "तो लागतो का तुम्हाला?"

गृहस्थांचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना माझ्यासाठी काही करता येणार होतं. "न्या ना, सर. शाळेत लावायला छान आहे."

ठाण्याहून जव्हार आणि जव्हारहून वर, एवढा प्रवास मी मानवी संस्कृतीचं पूर्णत्व खांद्यावर घेऊन केला. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, पाइप आडवा ठेवा." तो पाइप नाही हे मी सांगितलं नाही.

तिने गुंडाळी दुरूनच ओळखली.

"आनलं डिजिटल?"

"रेडिओ नाही दिला. हे दिलं."

तिने ते अंगणात उलगडलं, पावलांनी मोजलं, कडा ओढून पाहिल्या. गोलावर, लाटांवर, हंडेवालीवर तिची नजर फिरली.

"ही कोन?"

"तूच असशील."

"मी हांडा घेऊन कवा हासले?" ती म्हणाली. मग डिजिटल उलटं करून पांढरी बाजू वर घेतली आणि ते खळ्यावर ओढत नेलं.

नागली आणि वरई तिने आभाळाकडे बघून, अंदाजाने कापली. उडवी रचून वर डिजिटल टाकलं. मध्ये एक सर येऊन गेली, आणि त्याखाली दाण्याला काही झालं नाही. पण नागली आणि वरई मिळून भाताची जागा भरत नाही. दिवाळी झाल्यावर एकदा ती नवऱ्याबरोबर जव्हारच्या एसटी स्टँडवर दिसली. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं. भिवंडीची गाडी लागली होती.

"घराकडं जाल कवा त बघा जरा, गुरुजी," ती खिडकीतून म्हणाली. "डिजिटल छपरावर टाकलंय. वाऱ्याने सरकलं आसंल त दगड ठेवा. किल्ली चुलतसासऱ्यापाशी हाय."

पौषात अवकाळी पाऊस पडून गेला, म्हणून मी वर गेलो. चुलतसासऱ्याने किल्ली दिली. कुडाचं घर, आत अंधार. डोळे सरावल्यावर मेढीच्या खुंटीला टांगलेला नवा रेडिओ दिसला. मी बटण दाबलं. निळा दिवा लागला. वर पाहिलं. कौलं सरकलेल्या जागेतून, वाशांच्या मधून, डिजिटलची छापलेली बाजू दिसत होती: पृथ्वीचा अर्धा गोल, हंडेवालीचं हसू, आणि मोठ्या अक्षरांत, 'शेवटच्या माणसापर्यंत'.

खालची जमीन कोरडी होती.